भिंतीची उंची नंतर, आधी माती आणि पाणी

गेल्या दोन-तीन वर्षांत खानदेशात गावोगावी एक नवं काम दिसायला लागलंय. वीज उपकेंद्राच्या जवळचं पंधरा-वीस एकरांचं रान मोजलं जातं, कोपऱ्यांवर खुणा रोवल्या जातात आणि थोड्याच दिवसांत ट्रकमधून सिमेंटचे खांब आणि प्लेटा उतरायला लागतात. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीच उभा राहिला. पण तेव्हा सोलर म्हणजे लांबून बघायची गोष्ट होती. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ ठरली, आणि सोलर थेट आपल्या बांधाला येऊन टेकलं.

मी धुळे-जळगाव पट्ट्यात कंपाउंडची कामं बघतो. जमीनमालक असो, कंत्राटदार असो की कारखानदार, प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "रनिंग फुटाला काय दर?" प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो फार लवकर येतो. त्याच्या आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात. खाली माती कोणती, पाणी कुठून कुठे जातं आणि सावली कुठे पडते. या तिन्हींची उत्तरं एकाच जागेच्या चार बाजूंना वेगवेगळी येऊ शकतात. म्हणून चारही बाजूंना एकसारखी भिंत, ही कल्पनाच मला मान्य नाही.

हे मी एका जागेवर शिकलो. शिंदखेडा तालुक्यात एका सोलर प्लांटला चारही बाजूंनी सहा फुटी रेडीमेड कंपाउंड (सिमेंटचे खांब आणि प्लेटा) झालं, वर दोन फूट काटेरी तार. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात पश्चिमेचे पंधरा-वीस खांब आडवे झाले. रात्री फोन आला, "वादळाने भिंत पडली." सकाळी जाऊन बघितलं, तर उभ्या राहिलेल्या प्लेटांवर बाहेरच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एक सरळ रेघ होती. काडीकचरा, पऱ्हाटीच्या काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं एका ओळीत चिकटलेलं. ती पाण्याची रेघ होती. तिथे एक ओघळ होता. हद्द आखली तेव्हा मी तो बघितला होता. उन्हाळ्यात तो कोरडा, जेमतेम गुडघाभर खोल. मोरी ठेवावी लागेल असं मी म्हणालोही, पण कागदावर लिहून दिलं नाही. आम्ही भिंत बांधत होतो आणि प्रत्यक्षात बंधारा तयार झाला. पलीकडे एका शेतकऱ्याने चार दिवसांपूर्वीच कापूस लावला होता. सगळा वाहून गेला. त्या सकाळी त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आता हिशेब बघा, म्हणजे पाणी किती जोरकस असतं ते कळेल. भिंतीला टेकून एक मीटर, म्हणजे कमरेएवढं पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण ५०० किलोंचा रेटा बसतो. वाऱ्याचं बघू. ताशी १४० किलोमीटरचं वादळ धरलं, तर दर चौरस मीटरला सुमारे ९० किलो भार येतो. सहा फुटी भिंतीच्या एका मीटर लांबीला तो १६५ किलोंच्या आसपास जातो. (भिंतीच्या आकारानुसार अभियंते यात आणखी थोडी वाढ धरतात.) वारा भिंतीच्या मधोमध ढकलतो, पाणी बुडाशी ढकलतं, त्यामुळे भिंत उलथवण्याची दोन्हींची ताकद जवळपास सारखी भरते. म्हणजे कमरेएवढं साचलेलं पाणी हे भिंतीसाठी वादळच आहे. वर त्या पाण्याने खांबाच्या बुडाची मातीही मऊ होते, जे वारा करत नाही.

उपाय महाग नाही. जिथे ओघळ, लवण (सखल पट्टा) किंवा नाल्याचा फाटा हद्द ओलांडतो, तिथे तेवढ्या पट्ट्यात भरीव भिंत घालायचीच नाही. तिथे जाळी लावायची, किंवा खाली मजबूत गज बसवलेली मोरी ठेवायची. मोरीचं तोंड अंदाजाने ठरवू नका. वरच्या अंगाला किती रान आहे आणि तिथलं पाणी कुठे उतरतं, हे शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा. नकाशात नसलेला ओघळही त्यांना ठाऊक असतो. ही नुसती माणुसकीची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे. नैसर्गिकरीत्या वाहणारं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. लाखोंची भिंत बांधून झाल्यावर ती नोटीस येण्यापेक्षा आधी बांधावर बसून चहा पिणं बरं.

मातीचं प्रकरण याहून खोल आहे. खानदेशात एका दिवसाच्या फेरीत तुम्हाला दोन टोकांच्या जमिनी भेटतात. साक्री, शिंदखेडा, नंदुरबारकडे अनेक ठिकाणी हातभर खोदलं की मुरूम, नाहीतर थेट काळा पाषाण. धुळे-नंदुरबार भागात रस्त्याने जाताना टेकड्यांसारख्या लांबच लांब, सरळ दगडी रांगा दिसतात. काही जागी तर त्या कोणी बांधल्यासारख्या वाटतात. त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीला उभ्या भेगा पडल्या, त्यांत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही कठीण भिंत उभी राहिली. अशा जमिनीत खांब उभा करणं सोपं, खड्डा खोदणं मात्र अवघड. तिथे कुदळ चालत नाही, ब्रेकर लागतो, आणि दर ठरवताना ते धरलेलं नसेल तर मजूर दीड फुटावरच थांबतात. वरून खांब सरळ दिसतो, पण बुडाशी त्याला धरायला काही नसतं.

तापीकाठाला उतरलात, रावेर-यावल-चोपड्याकडे, की सगळं उलटं. काळी कसदार माती, कितीही खोदा, काळीच. केळीसाठी सोनं आणि भिंतीसाठी डोकेदुखी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिच्या भेगांत अख्खा हात जातो, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. तीच माती भिंतीचा पाया पावसाळ्यात वर उचलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते. सगळीकडे सारखं उचललं असतं तरी चाललं असतं. पण भिंतीच्या एका अंगाला केळीचं ठिबक बाराही महिने चालू आणि दुसऱ्या अंगाला प्लांटची कोरडी जमीन, असं असेल तर एक अंग फुगतं, दुसरं आकसतं आणि भिंत हळूहळू कलते. विटांच्या भिंतीला तिरकी चीर जाते. मिस्त्रीला दोष द्यायची सवय आपल्याला आहे, पण इथे पाया चुकलेला असतो.

माती किती फुगते ते बघायची एक सोपी पद्धत आहे. प्रयोगशाळेत तीच करतात. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यायची. शंभर मिलिलिटरच्या दोन काचेच्या मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम टाकायची. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि एक दिवस ठेवायचं. रॉकेलने चिकणमाती फुगत नाही, पाण्याने फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधला थर दहाच्या खुणेवर आणि पाण्यातला अठराच्या खुणेवर असेल, तर फुगवटा ८० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की साधा पाया विसरा. दोन्ही पात्रं शेजारी ठेवून एकदा मालकाला दाखवली, की पायाच्या खर्चावरून होणारी अर्धी घासाघीस तिथेच थांबते.

मग करायचं काय? तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल, तर काळी माती काढून पाया मुरमावर न्यायचा. काळी माती फार खोल असेल आणि भिंत जड हवी असेल, तर बुडाशी फुगवटा असलेले खोल पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घालतात. जमीन ऋतूंप्रमाणे हलते त्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, ते रोवले जातात. वर त्यांना जोडणारा बीम जमिनीवर न टेकवता खाली तीन-चार इंच पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. हा खर्चिक मार्ग आहे आणि सोलरच्या साध्या हद्दीला तो सहसा परवडत नाही. तिथे हलकं आणि लवचीक कुंपणच शहाणपणाचं. जाळीचा खांब इंचभर हलला तर जाळी ते सोसते. विटांची भिंत सोसत नाही.

खड्डा बुजवताना होणारी एक चूक मी जवळजवळ प्रत्येक साइटवर बघितली आहे. खोदलेली काळी मातीच परत खांबाभोवती ढकलतात. उन्हाळ्यात ती खांबापासून सुटते आणि त्या फटीतून पहिल्या पावसाचं पाणी थेट बुडाशी जातं. खड्ड्यात काँक्रीट, त्यावर ठोकून बसवलेला मुरूम आणि वर उताराचा छोटा कट्टा, एवढं केलंत तरी खांबाचं आयुष्य वाढतं. आमच्याकडचे एक जुने गवंडी आप्पा पोरांना सांगायचे, "आधी माटी देख भो, मंग भीत बांध."

सोलरची तिसरी गोष्ट सावलीची. खानदेश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला भरदुपारी सावली पायाखाली गडप होते, म्हणून उन्हाळ्यात जागा बघणाऱ्याला सावलीचा प्रश्न दिसतच नाही. डिसेंबरमध्ये जाऊन बघा. २१ डिसेंबरला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि भिंतीची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सकाळी साडेनऊला ती उंचीच्या जवळजवळ दुप्पट होते. आठ फुटी भिंत असेल तर पंधरा फूट. ही सावली उत्तर आणि वायव्येकडे जाते, म्हणजे दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या भिंतीची सावली आतल्या पॅनेलवर येते. संध्याकाळी तेच पश्चिमेच्या भिंतीचं. उत्तरेच्या भिंतीची सावली हिवाळ्यात बाहेर पडते, तिथे भरीव भिंत निर्धास्त घाला.

थोडीशी सावली पडली तर काय बिघडतं? ठिबकची नळी आठवा. एका जागी मुरड पडली की पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी कमी होतं. पॅनेलमधले सेल असेच एकामागे एक जोडलेले असतात. खालच्या ओळीवर हातभर सावली आली तरी त्या रांगेतून वाहणारी वीज अडते. पॅनेलमध्ये असलेले डायोड सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेतात, पण तेवढ्या भागाचं उत्पादन गेलंच, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ जातं. म्हणून एकतर भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून पॅनेल लावायचे, नाहीतर त्या बाजूंना जाळी घ्यायची. अंतर सोडायचं ठरलं तर ते वाया जात नाही. आतून गाडी फिरायला रस्ता होतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये शेजारचा बांध पेटवला गेला तर तीच मोकळी पट्टी आग अडवते. ती पट्टी गवत काढून स्वच्छ ठेवली पाहिजे, एवढंच.

आता प्रकारांकडे वळू, पण थोडक्यात. चेनलिंक जाळी सगळ्यांत हलकी. वारा आणि पाणी तिच्यातून जातं, सावली नगण्य. पण ती कापायला वेळ लागत नाही, आणि सोलर प्लांटवर चोराचा डोळा केबलमधल्या तांब्यावर असतो. जाळीखाली फूट-दीड फूट दगडी जोतं घेतलं तर रानडुकरं खालून उकरत नाहीत. जस्ताचा थर चांगला असेल तरच जाळी टिकते. स्वस्त जाळी दोन-तीन पावसाळ्यांत तांबडी पडते. लोखंडी जाळीला अर्थिंग करायलाच हवं, विशेषतः वरून उच्च दाबाची लाइन जात असेल तर. प्लांटच्या आत उघड्यावर ट्रान्सफॉर्मर-यार्ड असेल तर त्याभोवती किमान १.८ मीटर उंचीचं वेगळं कुंपण लागतं. बाहेरची भिंत आहे म्हणून ते टाळता येत नाही.

रेडीमेड कंपाउंड, म्हणजे खाच असलेले खांब आणि त्यांत सरकवलेल्या प्लेटा, खानदेशात सगळ्यांत जास्त चालतं. झटपट उभं राहतं, हलवता येतं, एक प्लेट फुटली तर तेवढीच बदलता येते. भाड्याच्या जमिनीवर हा मोठा फायदा आहे. पण त्याचं सगळं बळ खांब किती खोल आणि कशात रोवलाय यावर असतं. ट्रक उतरतानाच माल बघा. कोपरे उडालेले, सळईची तार उघडी दिसणारी, हाताने चोळलं की भुगा सुटणारी प्लेट परत पाठवा. आपल्याकडे ही कामं नेमकी एप्रिल-मेमध्ये होतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खड्ड्यातलं काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच वाळतं. काँक्रीट संध्याकाळी ओता, वर गोणपाट टाका आणि किमान आठवडाभर ते ओलं ठेवा. दुसऱ्याच दिवशी प्लेटा चढवणाऱ्या टोळीला थांबवायची हिंमत सुपरवायझरने दाखवली पाहिजे.

विटांच्या भिंतीबद्दल एक गैरसमज आहे की जड म्हणजे भक्कम. नऊ इंची, सहा फूट उंच भिंत दर मीटरला पावणेआठशे किलोंच्या घरात भरते. तरीही तिचं बूड इतकं अरुंद असतं की नुसत्या वजनावर ती वर सांगितलेल्या वादळापुढे टिकत नाही. तिला ठरावीक अंतरावर पिलर, नीट पाया आणि लांबी तोडणारे सांधे लागतात. आणि कोणतीही भिंत सहाची आठ फूट केली, की तिला उलथवणारा जोर पावणेदोन पट होतो. "दोन फूटच तर वाढवायचे" हे वाक्य ऐकलं की मी वही काढतो.

कारखान्याची गोष्ट वेगळी. जळगाव एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, डाळमिल आहेत. तिथे सावलीचा प्रश्न नाही. धूळ, आवाज, आग आणि ट्रक, हे चार प्रश्न आहेत. तिथे भरीव भिंतच हवी आणि ती परवडतेही, कारण हद्द लहान असते. पण तिथल्या भिंती पडतात त्या वेगळ्या कारणाने. प्लॉट खोलगट म्हणून आत तीन फूट मुरमाचा भराव टाकतात, आणि नुसती हद्द दाखवायला बांधलेल्या भिंतीला तो भराव पेलायला लावतात. किंवा कोळसा, भुसा, पोती भिंतीला टेकवून रचतात. ती भिंत मग कुंपण राहत नाही, धरणभिंत होते. भराव टाकायचा असेल तर खालचा भाग भराव पेलणारी भिंत म्हणूनच डिझाइन करून घ्या, आणि मागे मुरलेलं पाणी निघून जायला तिला भोकं ठेवा. ट्रक मागे घेताना भिंतीला लागतात, म्हणून आतून चार फुटांवर काँक्रीटचा ठोकळा घाला. आगीचा बंब आत वळेल इतकं गेट रुंद हवं आणि दुसरं गेट विरुद्ध बाजूला.

दर मागण्यापूर्वी जमिनीचा आकारही बघा. एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. पाच मेगावॅटसाठी २० एकर धरू. चौरस तुकडा असेल तर हद्द सुमारे ३,७३० फूट. तेच २० एकर रुंदीच्या चौपट लांब पट्टीत असतील तर ४,६७० फूट. तेवढ्याच जमिनीला जवळपास हजार फूट जास्त कुंपण. आपल्याकडे वाटण्या होऊन पट्ट्याच पडलेल्या आहेत, म्हणून हा हिशेब भाडेकरार करतानाच मांडा.

आणि मोजणीशिवाय एकही खांब रोवू नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, शेजाऱ्यांना त्या दिवशी हजर ठेवा, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली गाडीवाट कुठून जाते तेही बघा. बांधाच्या मधोमध खांब रोवण्यापेक्षा आपल्या हद्दीत हातभर आत या. तो हात वाचवून वीस वर्षं कोर्टाच्या तारखा करणारी घरं मी बघितली आहेत.

कंत्राटदाराकडून दर घेताना एक आकडा घेऊ नका. बाजूनिहाय घ्या. उत्तरेला काय, दक्षिणेला काय, ओघळापाशी काय. त्यात खांबाचं माप, सळई, दोन खांबांतलं अंतर, खड्ड्याची खोली, खड्डा कशाने बुजवणार आणि दगड लागला तर कोण भरणार, हे लिहून घ्या. दोन कंत्राटदारांच्या दरात मोठा फरक दिसला तर तो बहुतेक वेळा खड्ड्याच्या खोलीत दडलेला असतो, कारण तेवढाच भाग नंतर कोणाला दिसत नाही.

शिंदखेड्याच्या त्या प्लांटवर आम्ही पश्चिमेची साठ फूट भिंत परत बांधलीच नाही. ओघळाच्या दोन्ही काठांना काँक्रीटचे जाड खांब घेतले, मधे गजांची चौकट आणि वर जाळी लावली, पात्र मोकळं ठेवलं. शेजारच्या शेतकऱ्याला त्या हंगामाची भरपाई मिळाली. पुढच्या जुलैत मी मुद्दाम पाऊस चालू असताना गेलो. गढूळ पाणी गजांमधून सळसळत पलीकडे जात होतं, गजांना पऱ्हाटीच्या काटक्या अडकल्या होत्या, आणि ते शेतकरी डोक्यावर पोतं घेऊन काठीने त्या काटक्या मोकळ्या करत होते.